ठकीचं हसू

प्रिय रडके,

आधी एक सांगते. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी जी खोड आहे, ती या पत्राला लावू नकोस. पहिल्या ओळीपासून नीट वाच. पत्र लांबणार आहे, कारण थोडक्यात सांगणं मला जमत नाही, हे तुला जन्माच्या आधीपासून माहीत आहे. आईच्या पोटातसुद्धा मी बडबडत असणार आणि तू पलीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेत असणार. म्हणून तर संधी मिळताच तू पुढे पळालीस आणि फुकटात थोरली झालीस.

'येऊ नकोस' हा तुझा निरोप भावोजींनी पोचवला. माझे फोन तू उचलत नाहीस, म्हणून त्या बिचाऱ्यांना मध्ये घातलंस. पण त्यांना खोटं बोलता येत नाही, आणि मला खोदून खोदून विचारता येतं, त्यामुळे सगळं बाहेर आलं. सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळलं, डावा डोळा मिटेना, आणि आरशात पाहिलंस तर चेहऱ्याची डावी बाजू ढिम्म हलत नव्हती. नस सुजली आहे, वेळ लागेल, बहुतेकांचं पूर्ववत होतं, असं डॉक्टर म्हणाले. इथवर मला समजलं. मग तू तुझा दवाखाना बंद ठेवलास, कुणाला भेटेनाशी झालीस, आणि मला तर मुळीच नाही, कारण माझं तोंड तुला बघवणार नाही. तेही एक वेळ समजलं. पण तू भावोजींना म्हणालीस की त्या दिवशी मी हसले होते ना, त्याची ही शिक्षा. देवाने ते हसू परत घेतलं. भावोजी मला विचारत होते, कुठला दिवस, कसलं हसू? मी म्हटलं, मला काय ठाऊक. त्यांच्याशी मी खोटं बोलले, तुझ्याशी बोलणार नाही. मला दिवस ठाऊक आहे. त्या दिवसाबद्दल आपण आजवर एक अक्षर बोललो नाही, आणि आता बोलल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

पण मला जरा मागून येऊ दे. आठवतं ना, सुरुवात झाली ती बाबांच्या चष्म्याच्या दुकानात. शाळा सुटली की आपण काउंटरमागे बसून रिकाम्या फ्रेमा नाकावर चढवायचो आणि 'पुढची ओळ वाचा' असं एकमेकींना दरडावायचो. एक दिवस एक उंच गृहस्थ नवा चष्मा न्यायला आले. बाबांनी तो त्यांच्या नाकावर बसवला. त्यांनी आपल्याकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, 'अहो, नंबर चुकलाय. मला एका मुलीच्या दोन दिसतायत.' बाबा काउंटर धरून हसले. ते गृहस्थ हसले नाहीत, विचारात पडले. ते मालिका काढत होते आणि त्यांना एक मुलगी हवी होती. पण लहान मुलांना दिवसाचे काही तासच कामाला लावता येतं, हा नियम. एक मुलगी दमली की सगळ्यांनी हातावर हात धरून बसायचं. इथे तर देवाने एकीची जोडी करून ठेवली होती. एक दमली की दुसरी पुढे! अशा रीतीने आपण दोघी मिळून त्या मालिकेतली ठकी झालो.

त्यांची अट एकच होती: हे कुणाला कळता कामा नये. लोकांना आवडते ती एक ठकी, दोन निघाल्या तर मजा गेली. म्हणून नावांच्या पाटीवरसुद्धा एकच नाव झळकायचं, तुझ्या नावाचं डोकं आणि माझ्या नावाची शेपटी जोडून तयार केलेलं. त्या नावाची मुलगी जगात कुठेच नव्हती, पण तिला पत्रं मात्र पोतंभर यायची. नव्या गल्लीत, नव्या शाळेत आपली सहा वर्षं अळीमिळी गुपचिळी. बाजारात आईबरोबर एकीनेच जायचं, दुसरीने पडद्याआड बसायचं. शाळासुद्धा आळीपाळीने, आणि घरी आल्यावर तुला काय शिकवलं ते मी विचारायचं. त्यामुळे मला भागाकार आजही येत नाही, भागाकाराच्या आठवड्यात तू शाळेत होतीस. आणि बाबांची स्कूटर! एक पुढे उभी, दुसरी मागे बाबांच्या रेनकोटाच्या आत. भर उन्हात रेनकोट घातलेला माणूस स्कूटर चालवतोय आणि त्याच्या पाठीला कुबड आलंय. सिग्नलला एकदा त्या कुबडाला शिंक आली, आठवतं? शेजारच्या सायकलवाल्याने बाबांकडे पाहिलं, बाबा शांतपणे म्हणाले, 'सर्दी झालीय.'

सेटवर आपली नावं पहिल्याच दिवशी पडली. दिग्दर्शककाकांनी, म्हणजे त्या चष्मेवाल्या उंच गृहस्थांनीच, दोघींना रडून दाखवायला सांगितलं. तू भिंतीकडे बघत उभी राहिलीस आणि तुझ्या गालांवरून टपाटपा पाणी वाहायला लागलं. मला तुझं तोंड बघून असं हसू फुटलं की मी खाली बसले. झालं, वाटणी ठरली. रडायचं असेल तर 'रडकी आणा', हसायचं असेल तर 'हसरी आणा', जसं काही खुर्ची आणा, शिडी आणा. अश्रू कसे काढतेस म्हणून सगळे तुला विचारायचे. तू फक्त मला सांगितलं होतंस: बाबांची एखादी फ्रेम आपल्या हातून मोडली आणि बाबा रागावले नाहीत, असं तू मनात आणायचीस. रागावले नाहीत, हे महत्त्वाचं. रागावले असते तर रडू आलं नसतं म्हणालीस. मी त्या वेळी तुला वेडी म्हटलं होतं. घरी मात्र सगळं उलटं. बोट चिमटलं तरी भोकाड मी पसरायचे, आणि गुडघा फोडून आलीस तरी तू गप्प. मेकअपदादा वैतागायचे, कारण तुझा गुडघा फुटला की त्यांना माझा रंगवावा लागे.

दातांची भानगड तर विसरूच शकत नाही. तुझा पुढचा दात पडला आणि माझा पडेना. आठवडाभर मेकअपदादा माझ्या दाताला काळं मेण लावत होते, आणि मी प्रत्येक वेळी ते चाटून टाकत होते. शेवटी मी दाताला दोरा बांधला, दुसरं टोक दाराच्या कडीला, आणि तुला दार आपटायला सांगितलं. तू दार आपटलंस, कडी निघून आली, दात तसाच! बाबा बाहेरून आले, कडी तोंडात लोंबकळत असलेली मुलगी पाहिली आणि विचारलं, 'हसरे, दाराचं तुला काय करायचंय?' त्यांना कधी विचारावं लागलं नाही की ही कुठली. आई हाक मारताना आजही चुकते, आत्या चुकायची, आपल्या तेव्हाच्या फोटोत आपण स्वतःच चुकतो. बाबा पाठमोऱ्या आपल्यालासुद्धा ओळखायचे. कसं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, सगळ्यांचे डोळे तपासता तपासता त्यांचे स्वतःचे फार चांगले झाले असतील.

आता त्या दिवसाकडे येते. तुला वाचवत नसेल तर पाणी पी आणि मग वाच, पण वाच. त्या सकाळी बाबा दुकानाचं शटर वर करताना खाली बसले ते उठलेच नाहीत. दुपारपर्यंत त्यांना घरी आणून ठेवलं होतं. बाबांचे भाऊ, म्हणजे आपले काका, संध्याकाळच्या गाडीने पोचणार होते, म्हणून सगळे थांबले होते. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता आणि आई भिंतीला टेकून, कुणी बोललं तर त्याच्याकडे बघत होती, पण तिला ऐकू येत नव्हतं. अशात सेटवरची ताई आपल्याला न्यायला आली. तिला कुठे काय माहीत होतं! त्या दिवशी ठकीच्या वाढदिवसाचा प्रसंग होता, बरीच वर्षं परदेशी असलेले बाबा अचानक दारात उभे राहतात आणि ठकी हसत त्यांच्याकडे धावते. हसायचा प्रसंग, म्हणजे काम माझं. पडद्यावरच्या बाबांचा तो शूटिंगचा शेवटचा दिवस होता, दुसऱ्या दिवशी ते खरोखरच दूरच्या कामाला निघणार होते. चपला पाहून ताई दारातच रडायला लागली, मी परत जाते म्हणाली. मी तर कोपऱ्यात मुटकुळं करून पडले होते. शेजारच्या काकूंनी मला उभं करायचा प्रयत्न केला तर मी त्यांच्या हातून निसटून परत तिथेच पडले. आणि तू उठलीस, तोंड धुतलंस, स्वतःच्या हाताने भांग पाडलास आणि आईसमोर जाऊन म्हणालीस, 'बाबांनी त्यांना आज आम्ही येतो म्हणून सांगितलंय. मी जाऊन येते.' दिलेल्या दिवशी चष्मा तयार म्हणजे तयार, हे बाबांचं ब्रीद तू जसंच्या तसं उचललं होतंस. तुला कुणी अडवलं नाही. कुणाच्या अंगात अडवायचं बळच नव्हतं. नऊ वर्षांची होतीस गं तू.

काका पोचायच्या आत तू परत आलीस. तुझ्या कानामागे केकचं पांढरं क्रीम राहिलं होतं. मी विचारलं, झालं? तू म्हणालीस, झालं. एवढंच. मी माझ्या फ्रॉकच्या टोकाने ते क्रीम पुसलं. मग आपण दोघी बाबांच्या पायाशी बसलो आणि पहिल्यांदा सगळ्यांसमोर, सगळ्या गल्लीसमोर, एकत्र बसलो. ठकी दोन आहेत हे गल्लीला त्या दिवशी कळलं, पण कुणीही बाहेर बोललं नाही. लोकांना नावं ठेवतो आपण, पण लोक चांगले असतात.

दोन महिन्यांनी तो भाग दाखवला. घरात सगळे जमले होते, आत्याही आली होती. पडद्यावर दार उघडलं, ते बाबा आले, त्यांनी ठकीला उचललं, तिच्या तोंडाला केक फासला, आणि ठकी डोळे मिटून, तोंड भरून, खांदे गदागदा हलवत हसली. आणि हसण्याच्या शेवटी नाकातून ते घुर्र! माझ्यासारखंच. आई थक्क होऊन म्हणाली होती, 'अगदी हसरीसारखी हसलीस गं, नाकातल्या घुर्रसकट.' आणि आत्या तोंडाला पदर लावून म्हणाली, 'बाप घरात तसा पडलेला, आणि ही कार्टी कशी खिदळतेय बघा.' ती बिचारी भावाच्या दुःखात होती, तिला मी आता काही बोलत नाही, तीही गेली. पण मी तेव्हा तुझ्याकडे पाहिलं होतं. तू पडद्याकडे बघत होतीस, आणि तुझं तोंड असं झालं होतं की जणू त्या मुलीला तू ओळखतच नाहीस. त्यानंतर तू कधी तोंड उघडून हसल्याचं मला आठवत नाही. ओठ मिटूनच. लोक म्हणायचे, मोठीचा स्वभाव गंभीर. मला कारण माहीत होतं. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणून मी तुला चिडवायचे, ते तुला हसवण्यासाठी. एकदाही यश आलं नाही.

आणि नशीब कसं बघ, नेमकं तेच हसू गाजलं. दर भागाच्या सुरुवातीला तेच, बिस्किटांच्या जाहिरातीत तेच, आणि आता तर लोक एकमेकांना फोनवर पाठवतात, वाढदिवसाला, निकालाला, मॅच जिंकल्यावर. मी आणि तू मोठ्या झालो, ते हसू नऊ वर्षांचंच राहिलं. पुढे आपली उंची बिनसली, तू ताडमाड झालीस आणि मी आहे ही अशी, मग दोघींची एक ठकी जमेना आणि मालिका आटोपली. तू सुटकेचा निःश्वास सोडलास, केस वाढवलेस, चष्मा लावलास आणि जनावरांची डॉक्टर झालीस. का, तर कुत्र्यांनी मालिका पाहिलेली नसते! तुझं हे उत्तर मी अजून लोकांना सांगते. मी मात्र त्यातच घुटमळत राहिले. ओळखीचा चेहरा म्हणून दार उघडायचं आणि ओळखीचा चेहरा म्हणूनच काम मिळायचं नाही. नायिकेची मैत्रीण झाले, मैत्रिणीची मैत्रीण झाले, मग साबणाच्या जाहिरातीत नुसता हात झाले. दुकानांच्या फिती कापायला बोलावत, आणि फीत कापली की हमखास फर्माईश: ते हसून दाखवा ना! मी हसून दाखवायचे. लोक म्हणायचे, वा, अगदी तस्संच! मी मनात म्हणायचे, अहो, ते माझं नाही, माझ्या बहिणीचं आहे, आणि ते ज्या दिवशी हसलं गेलं तो दिवस तुम्हाला माहीत असता तर तुम्ही टाळ्या वाजवल्या नसत्या. आणि तोंडाने धन्यवाद म्हणायचे. तुझ्या लग्नात कुणा पाहुण्याने मला तीच फर्माईश केली, मी सवयीने हसले आणि मान वळवून बघते तो तुझी खुर्ची रिकामी. तू मागच्या खोलीत खिडकीचे गज धरून उभी होतीस. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. तू म्हणालीस, साडीची पिन टोचतेय. मी पिन शोधायचं नाटक केलं. इतक्या वर्षांत आपण त्या दिवसाच्या जवळ गेलो ते एवढंच.

आईची खबर सांगते. ती बरी आहे, कान आणखी गेलेत, आवाज वाढवून टीव्ही लावते आणि मलाच ओरडू नकोस म्हणते. तुझा फोन का येत नाही विचारते. तुला सर्दी झालीय असं सांगितलंय. आता महिना होत आला, एवढी सर्दी कुणाला होत नाही, तेव्हा तिला लवकरच दुसरं काहीतरी सांगावं लागेल. माझं आवाजाचं काम जोरात चाललंय. सध्या मी एका कार्टूनमधली खार आहे, आणि एका परदेशी चित्रपटातला सहा वर्षांचा मुलगा, ज्याला प्रत्येक गंभीर प्रसंगी शी लागते. पन्नाशीकडे झुकलेली बाई काचेच्या खोलीत उभी राहून 'आई, लागली' असं किंचाळते आणि बाहेर सगळे गंभीर चेहऱ्याने मान डोलावतात. चेहऱ्याने जे दिलं नाही ते गळ्याने दिलं, माझी तक्रार नाही. चेहरा तसाही आपल्या दोघींत एकच होता, तो तू चांगल्या कामाला लावलास.

आता हे सगळं मी आज का लिहितेय ते ऐक. आपली मालिका पुन्हा दाखवणार आहेत, जुन्या फिती साफसूफ करून. वाढदिवसाच्या भागाचा आवाज मध्येच खराब झालाय, तेव्हा ते हसू पुन्हा हसायला मला स्टुडिओत बोलावलं. तुला आठवत असेल, आपल्या वेळी सेटवर इतका गलबला असायचा की तिथला आवाज नुसता खुणेपुरता घेत आणि खरे आवाज नंतर स्टुडिओत भरत. मी कानाला हेडफोन लावून उभी राहिले. पडद्यावर तू आलीस, त्या बाबांनी तुला उचललं, आणि आमच्या ध्वनिमुद्रक बाईंनी मला अंदाज यावा म्हणून तो सेटवरचा कच्चा आवाज लावला, जो तिथून निघाल्यावर आजवर कुणी ऐकलाच नव्हता. रडके, त्यात हसणं नाही. त्यात तू रडते आहेस. डोळे मिटून, तोंड भरून, खांदे गदागदा हलवत तू 'बाबा, बाबा' म्हणून हंबरडा फोडते आहेस. तुला कडेवर घेतलेला तो भला नट म्हणतोय, 'अहो थांबवा, पोर रडतेय.' आणि दिग्दर्शककाका म्हणताहेत, 'चालू ठेवा, चेहरा चालेल, आवाज नंतर टाकू.' मी तो तुकडा परत परत लावायला लावला. केकने भरलेल्या तोंडावर हसणं आणि रडणं सारखंच दिसतं गं, कुणालाच कळलं नाही, आणि आवाज चढवलेलं चित्र बघून बघून तुलासुद्धा तेच खरं वाटायला लागलं. मग मला आठवलं. बाबा गेल्यावर काही आठवड्यांनी मला एकटीला स्टुडिओत नेलं होतं. पडद्यावर काही नव्हतं, नुसतं हस म्हणाले. मला येईना, तेव्हा काचेपलीकडच्या आवाजवाल्या काकांनी हेडफोन नाकाला लावून माकडचेष्टा केल्या आणि मी हसले, अगदी नाकातल्या घुर्रसकट. बाबा गेल्यानंतरचं ते माझं पहिलं हसू. त्याची मला इतकी लाज वाटली की घरी येऊन तुलाही सांगितलं नाही, आणि मग विसरूनच गेले. ते हसू कुठल्या चेहऱ्यावर चिकटवलं, हे मला या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. तेव्हा नीट ऐक: त्या दिवशी तू हसली नव्हतीस. आपल्या सगळ्या घरात बाबांसाठी मोठ्याने, गळा काढून जर कुणी रडलं असेल, तर ती तू. हसले ते मी. हसण्याची शिक्षा व्हायचीच असती तर ती माझ्या तोंडाला झाली असती, आणि ते तर, तू बघतेसच, एक क्षण बंद होत नाही. डॉक्टरांनी तुला आरशासमोर बसून चेहऱ्याचे व्यायाम सांगितलेत, आणि तू आरशावर चादर टाकलीस, हेही भावोजींनी सांगून टाकलंय. राहू दे चादर. मी समोर बसते, माझ्याकडे बघून कर. तो कच्चा आवाज मी मागून घेतलाय, तुला ऐकायचा असेल तरच लावू, नाहीतर पर्समध्ये राहील. रविवारी सकाळच्या गाडीने निघते आहे. बेल वाजली की भावोजींना पाठवू नकोस, दार उघडायला तू ये.

तुझीच,
हसरी